जुना संगणक, नवी पेटी

जुना मदरबोर्ड आणि नवी कॅबिनेट या दोहोंवर ‘एटीएक्स’ लिहिलेले असले की काम फत्ते झाले, हा समज सार्वत्रिक असला तरी अगदीच निराधार नाही. कारण १९९५ साली इंटेलने प्रसृत केलेले हे मानक (बोर्डाचे आकारमान व स्क्रूंच्या जागा ठरवणारा नियम) आजही प्रचारात असून ३०५ बाय २४४ मिलिमीटरांचा बोर्ड त्यानुसार बिनदिक्कत बसतो. परंतु पेटीच्या उर्वरित अंतर्भागाची हमी त्यात नाही. नव्या घराच्या दारातून कपाट सुखरूप आत गेले, एवढ्यावरून देवांसाठी कोनाडाही असेल असे कोणी धरून चालत नाही. डीव्हीडी ड्राइव्हचा सव्वापाच इंची खण आता बहुधा नसतोच. पुढच्या यूएसबीची १९ पिनांची जाड केबल जुन्या बोर्डावरील ९ पिनांवर लागत नाही. आणि पॉवर सप्लाय तळाशी गेल्याने प्रोसेसरची वायर वरच्या कोपऱ्याला दोन बोटे अपुरी पडते, हा तर माझा स्वानुभव. सर्वांत घातक मात्र स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून अधांतरी धरणारे पितळी खुंट): बोर्डाला जेथे छिद्र नाही तेथे एखादा खुंट चुकून राहिला, तर मागच्या डाखाला टेकून तो शॉर्टसर्किट घडवू शकतो, म्हणून बोर्ड ठेवण्याआधी तो खुंट पक्कडीने काढून घ्यावा.