लघुफर्निचर : प्रमाण आणि लाकडाचा पोत

लघुफर्निचरात सामान्यतः फुटास एक इंच हे प्रमाण घेतात. १९२४ मध्ये पूर्ण झालेले, विंडसर प्रासादातील राणी मेरीचे बाहुलीगृह याच प्रमाणाचे आहे. खुर्ची बाराव्या हिश्शावर येते, परंतु लाकडाची छिद्रे मात्र लहान होत नाहीत. सागवानी खुर्चीची प्रतिकृती सागातच घडविण्याचा अट्टाहास त्यामुळे फसतो. छिद्रे घळींसारखी भासतात. म्हणून पेअर किंवा बॉक्सवुड यांसारखे सूक्ष्म पोताचे लाकूड रंगवून वापरणेच इष्ट. दीड इंची पाय येथे अष्टमांश इंचाचा उरतो. लाकडाच्या रेषा त्याच्या लांबीस आडव्या असल्यास तो पटाशीच्या दाबानेच मोडतो. यास्तव पुष्कळदा कानसच बरी. सरस लावावयाचा तो टाचणीच्या टोकाने, कारण सांध्याबाहेर आलेला थेंब तेवढ्या जागी रंग मुरू देत नाही.