विश्लेषण : एका वाक्यात तोच शब्द दोनदा आला, तर बिघडले कुठे?

निबंधाच्या वहीत एका ओळीत तोच शब्द दोनदा दिसला की लाल शाईचे वर्तुळ पडते. बातमी, अर्ज, सोसायटीची नोटीस लिहितानाही हीच धास्ती असते. पण मराठीत असा नियम खरेच आहे का?

सीएसएमटीहून आलेल्या हार्बर मार्गाला वडाळा रोड स्थानकाच्या पुढे दोन फाटे फुटतात. एक कुर्ल्यामार्गे पनवेलकडे जातो, दुसरा माहीम-वांद्र्यामार्गे गोरेगावकडे. फलाटावर कोणी सांगितले, ‘पनवेलची गाडी गेली की गोरेगावची गाडी येईल’, तर कोणाला काही खटकत नाही. हेच वाक्य कागदावर आले की मात्र दुसरी ‘गाडी’ खोडून तिथे ‘लोकल’ लिहिली जाते. फलाटावरचा मराठी माणूस यापेक्षा सोपा उपाय करतो. तो दुसरा शब्द गाळूनच टाकतो : ‘पनवेलची गाडी गेली की गोरेगावची येईल.’

पुनरुक्ती हा दोष मानला गेला तो कशासाठी?

आपल्या परंपरेत हा विचार जुना आहे. न्यायसूत्रांनी वादात हार ओढवणाऱ्या चुकांमध्ये ‘पुनरुक्त’ मोजले, मात्र काही हेतूने केलेली उक्ती, म्हणजे ‘अनुवाद’, त्यातून वगळली. शब्द पुन्हा आला एवढाच गुन्हा नव्हे. तो काही काम न करता आला, हा गुन्हा. ‘पिवळा पीतांबर’, ‘गाईचे गोमूत्र’, ‘परत पुन्हा’ यांत एकही शब्द दोनदा आलेला नाही, तरी पुनरुक्ती आहे. लाल शाई नेमकी यांना सोडून देते.

मराठी तर शब्द मुद्दाम दोनदा वापरते

शालेय व्याकरणात ‘अभ्यस्त शब्द’ असा धडाच असतो. त्याचे मूळ पाणिनीपर्यंत जाते. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाची सुरुवातच शब्द दोनदा उच्चारण्याच्या नियमाने होते, आणि असे कधी करायचे तेही तिथे सांगितले आहे : क्रिया सतत किंवा पुन:पुन्हा घडत असेल तेव्हा, किंवा प्रत्येकाला एकेक करून कवेत घ्यायचे असेल तेव्हा. दुसऱ्या प्रकाराला ‘वीप्सा’ म्हणतात.

आजची बोली हेच करते. ‘कोण आले?’ या प्रश्नाला एका नावाचे उत्तर पुरते. ‘कोण कोण आले?’ विचारले की यादी द्यावी लागते. ‘मुलांना दोन केळी दिली’ म्हणजे एकूण दोन, ‘दोन-दोन दिली’ म्हणजे प्रत्येकाला दोन. ‘गाडी थांबून आली’ आणि ‘गाडी थांबत थांबत आली’ यांतला फरक हार्बरच्या प्रवाशाला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात रस्त्यावर ‘पाणी’ असले तर बूट काढून जाता येते, ‘पाणीच पाणी’ असेल तर घरीच थांबावे. या जोड्यांतला एक शब्द काढला तर वाक्य सुबक होत नाही, वेगळे होते. कात्रक रोडवरच्या, ‘प्रति पंढरपूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विठ्ठल मंदिरात आषाढीच्या रांगेत नाम किती वेळा आले, हे तर कोणी मोजतही नाही.

मग खटकते काय?

‘पुलाची दुरुस्ती करण्यात येणार असल्याने वाहतूक बंद करण्यात येणार असून पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे.’ अशी वाक्ये सूचनाफलकांवर रोज दिसतात. इथे ‘करण्यात’ तीनदा आले, पण एकदाही काही सांगत नाही. त्याला प्रतिशब्द शोधून उपयोग नाही, वाक्यच मोडावे लागते : ‘दुरुस्तीमुळे पूल बंद राहील, पर्यायी रस्ता खुला आहे.’

शब्द बदलण्याचा हव्यास

इंग्रजीत या सवयीला नावच आहे. फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात तिला ‘एलिगन्ट व्हेरिएशन’ म्हटले. नाव कौतुकाचे वाटले तरी ती टिंगल होती : पुनरावृत्ती टाळण्यासाठी लिहिणारे नटवे प्रतिशब्द शोधतात आणि वाचकाला कोड्यात टाकतात.

मराठीत हे कोडे महागही पडते. बातमीत पहिल्या वाक्यात ‘आरोपी’ आला, म्हणून दुसऱ्यात ‘गुन्हेगार’ लिहिला, तर न्यायालयाआधी बातमीनेच निकाल दिला. ‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ यांचेही तसेच. सर्वनामाचा आधार घ्यावा तर तोही नेहमी पुरत नाही. ‘बस टॅक्सीला घासली आणि ती उलटली’ यात उलटली कोण? दोघीही स्त्रीलिंगी. ‘टॅक्सी’ दोनदा लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

वडाळ्यात याचे रोजचे उदाहरण मुंबई पूर्वच्या, म्हणजे एमएच-०३ च्या आरटीओत सापडते. बोलताना लायसन्सला सर्रास ‘परवाना’ म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या सरकारी मराठीत मात्र लायसन्स म्हणजे ‘अनुज्ञप्ती’, आणि ‘परवाना’ म्हणजे परमिट. लायसन्स चालकाचे असते, परमिट टॅक्सी-रिक्षाचे. आता ‘लायसन्सची मुदत संपली असेल, तर परवान्याचे नूतनीकरण करावे’ ही सूचना वाचून टॅक्सीवाल्याने कोणती फाइल काढायची? त्याच्याकडे दोन्ही आहेत. ‘लायसन्सची मुदत संपली असेल, तर लायसन्सचे नूतनीकरण करावे’ हे वाक्य निबंधात कदाचित अर्धा गुण गमावेल, पण खिडकीवरची एक खेप वाचवेल. दोनदा लिहिणे जिवावर येत असेल, तर ‘त्याचे’ आहेच.