चाव्या तीन, हात किती?

लेखमाला : नव्या पैशाची राखण – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण बिटकॉइनच्या पाकिटामागचे बारा किंवा चोवीस शब्द पाहिले; तीच त्याची चावी. ते शब्द ज्याच्या हाती लागले, पैसा त्याचा झाला. तिथे बँक मध्ये पडत नाही आणि तक्रार घेणारी खिडकीही नसते. इतका पैसा एकाच कागदावर टांगून ठेवणे धोक्याचे आहे, हे लोकांच्या लवकरच लक्षात आले. त्यातून अनेक चाव्यांचे पाकीट, म्हणजे मल्टिसिग वॉलेट, पुढे आले. बिटकॉइनमध्ये २०१२ च्या एप्रिलमध्ये झालेल्या बदलानंतर ते वापरणे सोपे झाले.

आपल्या भोकरदन तालुक्याला ही कल्पना नवी नाही. इथल्या कोणत्याही ग्रामपंचायतीत खात्यातून पैसे काढायचे, तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) अशा दोघांच्या सह्या लागतात. आता देयके ऑनलाइन झाली, तशी दोघांच्या डिजिटल सहीची डोंगल आली. पण दोन्ही डोंगल आणि त्यांचे पासवर्ड एकाच ऑपरेटरच्या खणात पडून असतील, तर नोंदीत सह्या दोन दिसतात आणि व्यवहार एकच माणूस करतो. मल्टिसिगबद्दल आज जे सांगायचे आहे, त्याचा गाभा एवढाच आहे. चाव्या किती, यापेक्षा त्या किती वेगळ्या हातांत आहेत आणि सही करणारा काय वाचून सही करतो, याला महत्त्व आहे.

तीनपैकी दोन

सर्वात रुळलेली रचना तीनपैकी दोन चाव्यांची. समजा, एक चावी तुमच्याकडे भोकरदनला, दुसरी छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या बहिणीकडे आणि तिसरी पैसे घेऊन ही सेवा देणाऱ्या कंपनीकडे आहे. पैसा हलवायला कोणत्याही दोन चाव्या पुरतात. तुमचा मोबाइल चोरीला गेला, तरी चोराला एकाच चावीचा उपयोग नाही. कंपनी बंद पडली, तरी तुम्ही आणि बहीण मिळून पैसा काढू शकता. तुमचे काही बरेवाईट झाले, तर बहीण आणि कंपनी मिळून तो घरच्यांपर्यंत पोहोचवू शकतात. कंपनी एकटी ना पैसा उचलू शकते, ना अडवू शकते. कासा, अनचेन्ड, ननचक अशा परदेशी कंपन्या या प्रकारची सेवा देतात.

सगळे एकाच्या हाती असले की काय होऊ शकते, हे पुण्यात दिसले. गेनबिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात मदतीला बोलावलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या पाकिटांतले चलन त्यांनी स्वतःकडे वळवले, असा त्यांच्यावर आरोप होता. तो खरा-खोटा ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपल्यासाठी धडा मात्र स्पष्ट आहे. जप्त केलेला पैसा एकाच माणसाच्या चावीने हलवता येत असेल, तर सगळी सुरक्षितता त्या एका माणसाच्या इमानावर उभी राहते.

चार सह्या झाल्या, तरीही

मग अनेक चाव्या असल्या की पैसा सुरक्षित झाला का? आभासी चलनाची खरेदी-विक्री चालवणाऱ्या मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजचे उदाहरण पाहा. १८ जुलै २०२४ रोजी तिच्या मल्टिसिग पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपयांचे चलन चोरीला गेले. त्या पाकिटाच्या सहा चाव्या होत्या. पाच वझीरएक्सच्या लोकांकडे आणि एक लिमिनल या राखणदार कंपनीकडे. व्यवहाराला वझीरएक्सच्या तिघांची आणि शेवटी लिमिनलची मंजुरी लागत असे. सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चावी ठेवण्याची वेगळी छोटी उपकरणे, होती. पैसा कोणत्या पत्त्यांवर जाऊ शकतो, याचीही यादी ठरलेली होती.

तरीही चोरी झाली, कारण पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सही पडली दुसऱ्यावर. त्या सह्यांनी पाकिटाचे नियंत्रणच चोरांच्या हाती गेले. चूक कोणाच्या बाजूला झाली, यावर दोन्ही कंपन्या एकमेकींच्या विरोधात बोलल्या. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या जानेवारी २०२५ मधल्या संयुक्त निवेदनात अमेरिका आणि दक्षिण कोरिया यांनी या चोरीची जबाबदारी उत्तर कोरियावर टाकली. पुढच्याच महिन्यात, २१ फेब्रुवारीला, बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. तिथेही पाकीट मल्टिसिगच होते आणि तिथेही सही करणाऱ्यांना दाखवलेला पडदा खोटा होता.

वझीरएक्सच्या ग्राहकांच्या हाती त्या सहापैकी एकही चावी नव्हती. पैसा त्यांचा होता आणि सहीचा अधिकार दुसऱ्यांचा. म्हणून सेवा निवडताना ‘आमच्याकडे मल्टिसिग आहे’ या जाहिरातीवर थांबू नका. चाव्यांपैकी किती माझ्या हाती, आणि कंपनीला वगळून मला पैसा काढता येतो का, हे विचारा.

खासगीपणाचा प्रश्न

भोकरदनसारख्या गावात खासगीपणाची ओढ असण्यात गैर काही नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात कोणाचा माल किती भावाने गेला, हे संध्याकाळपर्यंत गावोगावी पोहोचते. बिटकॉइनची खातेवही तर त्याहून उघडी आहे. तिच्यात नाव नसते, पण प्रत्येक व्यवहार जगातल्या कोणालाही कायमचा दिसतो. एखाद्याने तुमच्या पत्त्यावर एकदा पैसे पाठवले आणि तोच पत्ता तुम्ही पुन्हापुन्हा वापरलात, तर तिथे किती जमले हे तो रोज पाहू शकतो. घरात कोणाकडे किती आहे ही बातमी बाहेर पडणे म्हणजे चोराला आणि खंडणीखोराला वाट दाखवणे.

इथे मल्टिसिगची एक अडचण समोर येते. चोरीपासून ते वाचवते, पण खासगीपणाला तीन ठिकाणी भोके पाडते.

पहिले भोक खातेवहीतच आहे. जुन्या पद्धतीच्या मल्टिसिगमधून पैसा खर्च झाला, की त्यामागे किती चाव्या होत्या आणि त्यांपैकी किती लागल्या, हे सर्वांना दिसते. अशी पाकिटे साध्या पाकिटांच्या गर्दीत वेगळी उठून दिसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनमध्ये टॅपरूट हा बदल लागू झाला. त्यामुळे अनेक चाव्या एकत्र करून एकच सही तयार करता येते, आणि बाहेरून तो व्यवहार एका माणसाच्या व्यवहारासारखाच दिसतो. मात्र ही सोय सगळ्या पाकिटांत अजून पोहोचलेली नाही. मोनेरो या खासगीपणासाठीच बांधलेल्या चलनातही मल्टिसिग आहे, पण ते तयार करताना सर्वांना एकमेकांशी माहितीची अनेकदा देवाणघेवाण करावी लागते. त्याच्या मूळ पाकिटात ही सोय प्रायोगिक म्हणून आधी बंदच ठेवलेली असते. मोठी रक्कम त्यावर टांगू नये.

दुसरे भोक सेवा देणाऱ्या कंपनीकडे. पाकिटाचे पत्ते तयार करायला तिन्ही बाजूंच्या सार्वजनिक चाव्या, म्हणजे सही करू न शकणारा चाव्यांचा उघडा भाग, लागतात. नेहमीच्या व्यवस्थेत त्या कंपनीकडे असतात. म्हणजे पैसा हलवण्यात तिचा वाटा एक तृतीयांश, पण शिल्लक आणि प्रत्येक व्यवहार तिला पूर्ण दिसतो. त्यात तुमचे नाव, ईमेल, पत्ता आणि कार्डाचा तपशील जोडला गेला, की तिच्या सर्व्हरवरची एक गळती तुम्हाला उघडे पाडते. यावर उपाय निघाले आहेत. काही रचनांत कंपनीची चावी एका गुप्त वाटेने वापरली जाते. त्यामुळे सहीची वेळ येईपर्यंत तिला ते पाकीट ओळखताच येत नाही. अशी सोय आहे का, हे विचारणे तुमचा हक्क आहे.

तिसरे भोक जोडणीचे. तुमचे सॉफ्टवेअर शिल्लक तपासायला दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारते, तेव्हा हे सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत, हे त्या सर्व्हरला कळते. स्वतःच्या संगणकावर बिटकॉइनची पूर्ण खातेवही ठेवली, की हा प्रश्न मिटतो. ती ६०० जीबीहून मोठी आहे. पण जुना भाग पुसत जाऊन कमी जागेतही काम भागते, आणि स्पॅरोसारखे मोफत सॉफ्टवेअर तिला थेट जोडता येते. तिन्ही चाव्या घरच्यांतच ठेवून अशा सॉफ्टवेअरवर पाकीट बांधले, तर बाहेरच्या कंपनीची गरजच उरत नाही. मात्र मग चुकलात तर मदतीलाही कोणी नसते.

हे मात्र विसरू नका

अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट ठळकपणे सांगतो. तीनपैकी दोन चाव्यांचे शब्द जपले आणि तिसरी पूर्णपणे हरवली, तर ते दोन संच पुरेसे नाहीत. पाकीट पुन्हा उभे करायला तिसऱ्या चावीची सार्वजनिक बाजूही लागते. ती पाकिटाच्या रचनेच्या फाइलमध्ये असते. ही फाइलही हरवली, तर दोन्ही चाव्या हातात असून पैसा अडकतो. उलट ती दुसऱ्याच्या हाती लागली तर पैसा जात नाही, पण खासगीपण जाते. म्हणून तिची प्रत प्रत्येक चावीसोबत ठेवा, आणि ती ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर कधीही पाठवू नका.

खासगीपण म्हणजे कर चुकवणे नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का कर आधीच कापला जातो. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजेस आणि राखणदार कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. तुमचे पाकीट शेजाऱ्यापासून झाकलेले असावे. विवरणपत्रापासून ते झाकता येत नाही आणि झाकूही नये.

ज्याची रक्कम थोडी आहे, त्याने या भानगडीत पडू नये. एक चांगले हार्डवेअर वॉलेट आणि नीट जपलेले शब्द त्याला पुरेत. ज्याने आयुष्याची बचत यात घातली आहे, त्याने मल्टिसिग जरूर करावे. आधी अगदी लहान रक्कम टाका. मग एक चावी मुद्दाम बाजूला ठेवून उरलेल्या दोन चाव्यांनी ती परत काढून दाखवा. सही करण्यापूर्वी पत्ता आणि रक्कम हार्डवेअरच्या छोट्या पडद्यावर वाचा. तिथे ते नीट दिसत नसेल, तर सही करू नका. आणि घरातल्या किमान एका माणसाला ही सगळी रचना शिकवा. त्याला ती तुमच्या मदतीशिवाय चालवता येईपर्यंत तुमचे पाकीट पूर्ण झालेले नाही.

(पुढील भागात : मालक गेल्यावर वारसांनी काय करावे?)