लहानमोठ्या कोअरचा कारभार

२०१६ साली सॅमसंगचा गॅलेक्सी एस७ बाजारात नवा होता, आणि मोनो या सॉफ्टवेअर संचावर काम करणाऱ्या प्रोग्रामरांकडे त्या फोनबद्दल चमत्कारिक तक्रारी येऊ लागल्या. मोनोवर बनवलेली ॲप्स मध्येच बंद पडत. समोर आलेली आज्ञा आपल्याला ओळखताच येत नाही, असं प्रोसेसरचं म्हणणं. मेमरीत त्या जागी पाहावं तर आज्ञा अगदी बिनचूक. तोच प्रकार पुन्हा घडवून आणायचा म्हटलं तर कधी घडे, कधी नाही. शेवटी बंद पडण्याच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक मांडल्या, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. मेमरीचे १२८ बाइटचे तुकडे पाडले, तर घोटाळा दर वेळी तुकड्याच्या दुसऱ्या अर्ध्यातच होत होता.

त्या फोनच्या चिपमध्ये आठ कोअर होते : चार मोठे, चार लहान. कोअरजवळच्या कॅशे मेमरीत माहिती ओळींमध्ये साठते. मोठ्या कोअरमध्ये ही ओळ १२८ बाइटची, लहान कोअरमध्ये ६४ बाइटची. मोनो ॲप चालू असतानाच नवा कोड तयार करतं आणि कॅशेतला जुना मजकूर ओळीओळीने पुसायला सांगतं. त्यासाठी ओळ केवढी, हे त्याने प्रोसेसरला एकदाच विचारून लक्षात ठेवलेलं. विचारलं तेव्हा काम मोठ्या कोअरवर चाललं होतं. मग ऑपरेटिंग सिस्टिमने ते लहान कोअरवर हलवलं. तिथेही १२८ची उडी मारत पुसत गेल्यामुळे प्रत्येक दुसरी ओळ तशीच राहिली, आणि प्रोसेसर शिळ्या आज्ञा वाचत बसला.

एका चिपवरचे सगळे कोअर सारखेच असतात, हे तोवर कित्येक प्रोग्रामनी न विचारता गृहीत धरलं होतं. संकरित म्हणजेच हायब्रिड प्रोसेसरने त्या गृहीतकालाच धक्का दिला. अशा चिपबद्दल बोलताना वेग आणि बॅटरीची चर्चा भरपूर होते. ती वापरण्याजोगी करणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम मात्र झाकलेलंच राहतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

लहान-मोठे कोअर एकत्र ठेवायचेच कशाला? गॅसच्या शेगडीवर मोठ्या बर्नरबरोबर छोटाही असतो, कारण पाणी उकळायला आणि दूध मंद आचेवर ठेवायला सारखीच आच लागत नाही. मोठा कोअर चटकन काम उरकतो, पण त्या शेवटच्या थोड्या वेगासाठी वीज फार खातो. मेल तपासणं, गाणं वाजवणं, फायलींची सूची करणं अशा कामांना तो वेग लागतच नाही. २००३ साली राकेश कुमार, डीन टल्सन, नॉर्मन जुपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेवर एक शोधनिबंध लिहिला. एकच भाषा समजणारे पण वेगवेगळ्या ताकदीचे कोअर एका चिपवर ठेवले, तर वेगात ३ टक्के घट सोसून ऊर्जेत सरासरी ३९ टक्के बचत होते, असं त्यांच्या चाचण्यांत दिसलं होतं.

आर्म कंपनीने ही कल्पना २०११ साली 'बिग-लिटल' या नावाने जाहीर केली. सुरुवात अवघडलेली होती. २०१३च्या गॅलेक्सी एस४मधल्या एक्झिनोस चिपची 'आठ कोअर' म्हणून जाहिरात झाली, पण एका वेळी चालायचे चारच. एकतर सगळे मोठे, नाहीतर सगळे लहान. ॲपलच्या आयफोन ७मध्येही दोन मोठे आणि दोन लहान कोअर आलटून पालटूनच चालत. सगळे कोअर एकाच वेळी चालू ठेवले की प्रत्येक क्षणी ठरवावं लागतं, कोणतं काम कोणाकडे द्यायचं. ते ठरवतो ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्युलर.

जुन्या शेड्युलरचा सगळा हिशेब वेळेचा होता : प्रत्येक कामाला न्याय्य वेळ द्यायचा आणि कोणताही कोअर रिकामा बसू द्यायचा नाही. कोअर असमान झाले की हा हिशेब तुटतो. लहान कोअरवरची दहा मिलिसेकंदं म्हणजे मोठ्यावरची दहा मिलिसेकंदं नव्हेत. लिनक्सने २०१९च्या ५.० आवृत्तीत ऊर्जेचं भान असलेलं शेड्युलिंग आणलं. कोणत्या कोअरची क्षमता किती आणि कोणत्या वेगाला तो किती वीज घेतो, याचा तक्ता कर्नलजवळ, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याजवळ, असतो. एखादं काम जागं झालं, की ते कुठे ठेवल्याने एकूण वीज कमी लागेल याचा अंदाज बांधून जागा निवडली जाते. अँड्रॉइड लिनक्सवरच उभं असल्याने याचा लाभ फोनना झाला.

टेबलावरच्या संगणकात हा बदल उशिरा आला, आणि आला तो धडाक्याने. इंटेलने नोव्हेंबर २०२१मध्ये अल्डर लेक चिप विक्रीला आणली. तिच्यातल्या कोअर आय९-१२९००के या प्रोसेसरमध्ये आठ ताकदवान 'पी' कोअर आणि आठ काटकसरी 'ई' कोअर आहेत. सोबत 'थ्रेड डायरेक्टर' हा भाग बसवलेला आहे. तो प्रत्येक कामातल्या आज्ञांचा प्रकार न्याहाळतो आणि त्या कामाचा वर्ग ठरवतो : साधं काम, मोठ्या कोअरवर बराच फायदा होणारं, त्याहून जास्त फायदा होणारं, किंवा नुसतंच कशाची तरी वाट पाहत घिरट्या घालणारं. निर्णय मात्र त्याचा नसतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमला सल्ला देतो. विंडोज ११ हा सल्ला ऐकतं. विंडोज १०ला कोणता कोअर वेगवान एवढं कळतं, पण ही ताजी माहिती ते वापरत नाही.

तरीही ठेचा लागल्याच. गेम्सची चोरी रोखणाऱ्या काही संरक्षक प्रोग्रामना 'ई' कोअर म्हणजे दुसराच संगणक वाटला, आणि पैसे मोजून घेतलेले गेम बंद पडू लागले. त्यावर बायोसमध्ये एक तोडगा देण्यात आला : ती सोय चालू केली, की कीबोर्डवरची स्क्रोल लॉकची कळ दाबून 'ई' कोअर झोपवता येत. कित्येक वर्षं कुणी न वापरलेल्या त्या कळीला अचानक काम मिळालं. हँडब्रेकसारख्या प्रोग्राममध्ये लांबलचक व्हिडिओचं रूपांतर लावून खिडकी खाली मिटवली, की विंडोज ते काम पार्श्वभूमीचं समजून 'ई' कोअरवर ढकलत असे, आणि रूपांतर रेंगाळे. माणूस त्याच कामाची वाट पाहत बसला आहे, हे शेड्युलरला कसं कळणार?

भाषेचाही पेच होता. एव्हीएक्स-५१२ या गणिती आज्ञा 'पी' कोअरला येत होत्या, 'ई' कोअरला नव्हत्या. एखादा प्रोग्राम त्या वापरत असताना 'ई' कोअरवर हलवला, तर कोसळणारच. इंटेलने मग त्या आज्ञाच बंद ठेवल्या. 'ई' कोअर बंद करून त्या चालू करण्याची वाट काही मदरबोर्डवर सापडली होती. नंतरच्या चिपमध्ये तीही बुजवली गेली. एएमडीने वेगळा मार्ग धरला. तिचे झेन ४सी कोअर आकाराने लहान आणि वेगाने कमी, पण समजतात त्याच सगळ्या आज्ञा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने हा मार्ग कितीतरी सोयीचा आहे.

ॲपलचं उत्तर सर्वांत सुबक वाटतं. तिथे प्रोग्राम लिहिणाराच कामावर शिक्का मारतो : हे वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचं, हे थोडं थांबेल असं, हे पार्श्वभूमीचं. ही व्यवस्था २०१४पासून होती. त्यामुळे २०२०च्या अखेरीस चार मोठे आणि चार लहान कोअर असलेली एम१ चिप मॅकमध्ये आली, तेव्हा शिक्के तयारच होते. टाइम मशीनचा बॅकअप लहान कोअरवर चालू राहतो आणि मोठे कोअर माणसाच्या कामासाठी मोकळे राहतात. विंडोजमध्येही आता असा शिक्का आहे. टास्क मॅनेजरमध्ये काही नावांपुढे हिरवं पान दिसतं. ते काम काटकसरीच्या पद्धतीत चाललं आहे, अशी ती खूण.

लॅपटॉप घेणाऱ्याने हे सगळं ध्यानात ठेवायला हवं. कोअर आय५-१२३५यूच्या जाहिरातीत 'दहा कोअर' असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण त्यांतले मोठे फक्त दोन. दुकानात एकूण आकड्याबरोबर 'पी किती, ई किती' हेही विचारावं, आणि त्या चिपला समजून घेणारी ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर आहे का, हेही पाहावं.

लिनक्सच्या बाजूने आणखी एक दार उघडलं आहे. नोव्हेंबर २०२४च्या ६.१२ आवृत्तीपासून 'शेड-एक्स्ट' ही सोय कर्नलमध्ये आली. तिच्यामुळे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही स्वतः लिहिलेला शेड्युलर चालू यंत्रावर, रीस्टार्ट न करता बसवून पाहता येतो. कोणतं काम लहान कोअरवर पाठवायचं, याचे नियम त्याचे त्याने लिहावेत. ते फसले आणि एखादं काम फार वेळ ताटकळलं, तर कर्नल तो शेड्युलर स्वतःच काढून टाकतं आणि मूळचा पुन्हा कामाला लावतं.