चार दिवसांचा वाघ

अलिबागजवळच्या नागावच्या बिबट्याची बातमी आता शिळी झाली. डिसेंबरात तो भरवस्तीत शिरला, माणसं जखमी झाली, मग आक्षीकडे दिसला, हे सगळ्यांनी वाचलंय. त्या दिवसांत खऱ्या बिबट्यापेक्षा मोबाइलमधलेच बिबटे जास्त फिरले. अंगणातला, जिन्यातला, देवळाच्या पायरीवरचा. त्यातले कितीतरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यातले. राज्यभर हाच प्रकार चालू होता आणि खरा कुठला, खोटा कुठला हे सांगता सांगता वन खात्याची दमछाक होत होती.

माणूस खोट्या बिबट्याला एवढा भितो, तर जनावर खोट्या जनावराला किती भीत असेल? हा प्रश्न डोक्यात आला तो चौलच्या वाटेवर, एका वाडीच्या कुंपणापाशी. आत पोफळी, मध्ये केळी आणि केळीच्या बुंध्याला सुतळीने बांधलेला एक वाघ. जत्रेत मिळतो तसा, मऊ कापडाचा. एक कान गायब, पोटातून कापूस बाहेर आलेला.

“चार दिवस टिकला बघा,” वाडीवाले काका म्हणाले. “पहिल्या दिवशी वानरं कुंपणाच्या आत आली नाहीत. माडावर बसून नुसती खकारत होती. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू खाली उतरलं, शेपटी ओढून पळालं. पाचव्या दिवशी त्याच्याच पाठीवर बसून केळी खाल्ली की हो!”

हसू येतं, पण वानराच्या बाजूने विचार करा. ते फसलं ते मूर्ख म्हणून नव्हे, हिशेबी म्हणून. खोट्या वाघाला भिऊन पळालं तर एक केळं जातं. खऱ्या वाघाला खोटा समजून थांबलं तर जीव जातो. म्हणून आधी पळायचं आणि मग लांबून तपासायचं. वाघ हलतो का? त्याला वास आहे का? काल होता तिथेच आज आहे का? उत्तरं मिळाली की भीती संपली. याला शास्त्रात सरावणं म्हणतात. वाडीत आणलेल्या प्रत्येक बुजगावण्याचं आयुष्य वानराची ही चौकशी संपेपर्यंतच. बुजगावण्याचे कपडे बदला, जागा बदला, असं जुनी माणसं सांगायची ते यासाठीच.

दिल्लीने हेच मोठ्या थाटात करून पाहिलं. सप्टेंबर २०२३मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी पाहुण्यांच्या वाटेवर माकडं येऊ नयेत म्हणून रस्त्याकडेला वानरांचे पूर्णाकृती कटआउट उभे केले. काळतोंड्या वानराला लाल तोंडाचं माकड भितं, हा त्यामागचा आधार. पण नगरपालिकेचा स्वतःच्या पुठ्ठ्यावर पूर्ण भरवसा नसावा, कारण वानरांचे आवाज काढणारी माणसंही सोबत नेमली होती. थोडक्यात, चित्र पुठ्ठ्याचं आणि भीती माणसाच्या गळ्यातली! आपल्या किनाऱ्यावर तर हा उपाय मुळातच लंगडा, कारण इथे वाडी लुटायला माकडही येतं आणि वानरही.

त्यापेक्षा कर्नाटकातला एक शेतकरी हुशार. २०१९मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या त्याच्या कुत्रीची बातमी झाली. भटकळकडच्या शेतकऱ्यांनी गोव्याहून आणलेले खेळण्यातले वाघ माकडांपुढे उभे केले होते. त्याने ते पाहून तसंच केलं. पण उन्हात रंग उडाला आणि वाघाचा दराराही. मग त्याने केसांच्या कलपाने आपल्या बुलबुल कुत्रीच्या अंगावर पट्टे ओढले आणि तिला मळ्यात फिरवलं. हा वाघ चालतो, जागा बदलतो, पट्टे पुसट झाले की पुन्हा रंगवता येतो. भुंकतो, एवढीच काय ती खोट.

इथवर सगळा भीतीचा मामला. पण नकलेची दुसरी जात आहे आणि मला तीच जास्त अस्वस्थ करते. बीबीसीच्या २०१७च्या एका मालिकेसाठी राजस्थानातल्या वानरांच्या टोळीत पिल्लाच्या रूपातलं एक यंत्र ठेवलं होतं. डोळ्यांत कॅमेरा असलेलं. एका वानराने ते उचललं, ते उंचावरून निसटून पडलं आणि निपचित झालं. टोळी गोळा झाली. कुणी वाकून पाहिलं, कुणी एकमेकांना मिठी मारून बसलं. आमच्या काकांच्या वाघाची चार दिवसांत गोधडी करणारी हीच जात, यंत्राच्या पिल्लापुढे मात्र गप्प.

असाच एक वेडा पाहुणा हिवाळ्यात आक्षीच्या किनाऱ्यावर येतो. काळा-पांढरा, लांब केशरी चोचीचा कालवफोड्या. डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी याच पक्ष्याच्या घरट्याजवळ त्याच्या अंड्याहून कितीतरी मोठं नकली अंडं ठेवलं. पक्ष्याने स्वतःचं अंडं सोडलं आणि त्या भोपळ्यावर चढून बसायची खटपट सुरू केली. बसता येईना, तरी हटेना. मोठं अंडं म्हणजे चांगलं अंडं, एवढाच त्याच्या डोक्यातला नियम. निसर्गात एवढं अंडं कुणी आणून ठेवत नाही, म्हणून त्या नियमाला वरची मर्यादाच नाही. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी टिनबर्गन यांना १९७३चं नोबेल विभागून मिळालं. ओहोटीला आक्षीच्या पुळणीवर चोच खुपसत फिरणारा हा पक्षी पाहिला की मला तो भोपळाच आठवतो.

आणि नायजेल. न्यूझीलंडच्या माना बेटावर समुद्रपक्ष्यांची वसाहत व्हावी म्हणून रंगवलेले ८० सिमेंटचे गॅनेट मांडले होते. तिथे एकटा नायजेल उतरला. त्याने त्यातली एक सिमेंटची मादी निवडली, तिच्यासाठी घरटं बांधलं, तिची पिसं साफ करत राहिला. पुढे खरे गॅनेट आले, तरी त्याला त्यांचं सोयरसुतक नव्हतं. २०१८मध्ये तो मेला, तिच्याच शेजारी.

म्हणजे भीतीची नक्कल चार दिवसांत विटते, ओढीची जन्मभर पुरते. शास्त्रज्ञ हे असं सरसकट म्हणणार नाहीत. मी म्हणतो.

भीतीची नक्कल टिकवायची, तर तिला अद्दल जोडावी लागते. सुंदरबनात १९८०च्या दशकात मध गोळा करणारे आणि लाकूडतोडे डोक्यामागे माणसाचा मुखवटा लावून फिरले, कारण वाघ पाठीमागून झडप घालतो. काही काळ गुण आला. त्याच काळात तिथे माणसांचे पुतळे उभे केले. त्यांना वापरलेले कपडे घातले, म्हणजे माणसाचा वास येईल, आणि आत विजेच्या तारा सोडल्या. झडप घातली की झटका. तपासणाऱ्याला तपासण्याचीच शिक्षा!

आपल्या बिबट्यासाठी असं काही? बोट्स्वानात चार वर्षं १४ कळपांवर प्रयोग झाला. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: मागच्या बाजूला डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी एकही मारलं गेलं नाही, नुसत्या फुल्या काढलेल्या ५४३पैकी ४, तर काहीच न रंगवलेल्या ८३५पैकी १५ गेली. ‘पाहिलं गेलो’ असं वाटलं की दबा धरणारा माघार घेतो. पण ती गुरं दिवसा रानात चरत होती. आपला बिबट्या रात्री गोठ्याशी, कुत्र्यासाठी येतो. अंधारात रंगवलेले डोळे कोण पाहणार? पुणे जिल्ह्यातल्या पिंपरखेडला बायकांना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जावं लागलं, तिथे रंगाचा डबा घेऊन जायची माझी तरी हिंमत नाही. बंद गोठा आणि रात्री दाराशी उजेड, हे कंटाळवाणे उपायच बरे.

मग मोबाइलमधला बिबट्या का विटत नाही? पाहणारे आपण तपासत नाही म्हणून. वानर तिसऱ्या दिवशी शेपटी ओढून पाहतं. आपण पुढे पाठवतो. मनातून आपल्याला तो बिबट्या हवा असतो, आपल्याच आळीत, आपल्याच जिन्यात.

परत जाताना काकांच्या वाडीशी थांबलो. केळीच्या बुंध्याला नुसती सुतळी. वाघ ओटीवर होता, पोट शिवलेलं. काकांची नात त्याला उशाशी घेऊन झोपली होती.