कोपीवरची कावीळ

दिवाळीनंतर मराठवाड्यातील ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या रहिमतपूरच्या शिवारात कोप्या घालतात. तेथे कावीळ निघाली की, ती त्यांनीच आणली असे म्हणणे सोपे असते. परंतु 'अ' प्रकारची ही कावीळ विष्ठेने दूषित पाण्यातून पोटात गेल्यावर साधारण 4 आठवड्यांनी, फार तर 50 दिवसांनी दिसते. येऊन दोन महिने झालेल्या मुलाला ती झाली, तर ती येथेच लागली!

डोळे पिवळे होण्याआधीचे दोन आठवडे अधिक संसर्गाचे. लहानग्यांचे डोळे तर बहुधा पिवळे होतच नाहीत. म्हणून अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद झाली, की रक्त तपासावे. (माळ घालून उतरते ती कावीळ बहुधा आपोआपच उतरणारी असते.) सोबतच्या मुलांना दोन आठवड्यांच्या आत लस टोचावी. पाणी उकळावे हे खरेच. पण पहाटे फडात जाणाऱ्या बाईला ते सांगण्यापूर्वी तळावर नळ आणि संडास आम्ही गावकऱ्यांनी करून द्यावयास हवेत.