घास उतरावा म्हणून

पुण्याहून पौडाकडे जाणारी वाट चांदणी चौक सोडून भूगाव, भुकूम ओलांडते व लहानसा घाट उतरून पिरंगुटास येते. आज तेथे प्रथम नजरेस पडतात ते कारखाने व मालमोटारी. परंतु मुळशीचा हा मुलूख मूळचा भाताचा, आणि येथला आंबेमोहोर चुलीवर चढला की शेजारच्या घरासही त्याची वर्दी पोहोचते. अशाच एका घरी गेल्या वर्षी ज्येष्ठात आमचे जाणे घडले. घरचे वडील, ज्यांस सर्वजण आप्पा म्हणत, पानावर बसले होते. पुढे तोच भात होता. पण तो त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हता.

आरंभ चार महिन्यांपूर्वी झाला होता. प्रथम भाकरी अडू लागली, तेव्हा घरच्यांनी दोष कवळीस दिला. मग दुधात कुस्करलेली पोळी, मग नुसता मऊ भात, मग पेज, असा उतरता क्रम लागला. प्रत्येक पायरीवर सूनबाईंनी मायेने अन्न अधिक मऊ केले, आणि त्या मायेमुळेच दुखणे झाकले गेले. हे आम्ही कोणास बोल लावण्याकरिता लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या घरीही असेच झाले असते. अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, स्नायूंची व ताण सोसणारी आहे. तिचा मार्ग बराच अरुंद होईपर्यंत ती फारशी तक्रार करीत नाही, आणि तक्रार करू लागली म्हणजे रोग बहुधा पुढे गेलेला असतो. म्हणून वयस्क माणसाचा घास अडू लागला तर अन्न मऊ करण्याबरोबरच दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी.

आप्पांची तपासणी झाली. अन्ननलिकेच्या मध्यभागी कर्करोगाची गाठ निघाली व तिचा प्रसार यकृतापर्यंत झालेला होता. शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरला नाही. डॉक्टरांनी अन्ननलिकेत स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, बसविण्याचे सुचविले. आणि घरात दोन तट पडले. थोरले चिरंजीव म्हणाले, "रोग जायचा नाही, तर या वयात घशात जाळी घालून आप्पांचे हाल कशाला करायचे?" आप्पांच्या धाकट्या भगिनी डोळ्यांस पदर लावून म्हणाल्या, "अरे, पण भुकेल्या माणसाला उपाशी कसे ठेवायचे?" आम्ही घरचे जुने स्नेही, म्हणून आमचे मत विचारण्यात आले. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. तेव्हा जाणत्यांस विचारून व वाचून जे कळले ते येथे देतो. असा प्रसंग पुष्कळ घरांवर येतो.

'स्टेंट' हे मूळचे एका इंग्रज दंतवैद्याचे आडनाव. चार्ल्स स्टेंट याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दातांचे ठसे घेण्याकरिता एक लगदा तयार केला. पुढे शरीराच्या आत आधार देणाऱ्या वस्तूस तेच नाव चिकटले. अडलेल्या अन्ननलिकेत नळी घालण्याची कल्पनाही जुनीच आहे. १८८० नंतरच्या दशकात लंडनचे शस्त्रवैद्य सायमंड्स यांनी तसे प्रयोग केले. पुढे पुष्कळ वर्षे ताठ प्लास्टिकच्या नळ्या वापरात होत्या; पण त्या बसविताना अन्ननलिका फाटण्याचे भय मोठे असे. १९९० नंतर आपोआप उघडणाऱ्या जाळीच्या नळ्या प्रचारात आल्या आणि हे भय पुष्कळसे कमी झाले.

ही जाळी बहुधा निकेल व टिटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. या धातूस आपला मूळ आकार जणू स्मरतो: दाबून बारीक आवरणात भरली तरी आवरण काढताच ती फुलते. रोग्यास गुंगी देऊन दुर्बिणीच्या साह्याने गाठीतून एक तार पलीकडे नेतात, तारेवरून मिटलेली नळी सरकवितात व आवरण मागे ओढतात. नळी गाठीच्या वर व खाली थोडी उरेल इतक्या लांबीची घेतात. उघडल्यावर तिची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर होते. पूर्ण उघडण्यास एकदोन दिवस लागतात व त्या अवधीत छातीत दुखते, त्यावर औषध देतात. कापाकापी काही नाही.

जाळीवर पातळ आवरण असले तर गाठ तिच्या छिद्रांतून आत वाढत नाही, पण नळी घसरण्याचा संभव वाढतो. आवरण नसले तर याच्या उलट. ज्यांच्या अन्ननलिकेस व श्वासनलिकेस मध्येच भोक पडले आहे, म्हणजे पाण्याचा घोट घेताच ज्यांस ठसका लागतो, त्यांस आवरणाच्या नळीसारखा दुसरा उपाय क्वचितच. मात्र गाठ अगदी घशाजवळ असेल तर नळी सोसत नाही. रक्तस्राव, छिद्र पडणे, नळीत अन्न अडकणे ही संकटेही आहेत, ती झाकून ठेवणे योग्य नाही.

दुसराही एक मार्ग आहे. अन्ननलिकेच्या आतूनच किरणोपचार देतात. हॉलंडमध्ये २०९ रोग्यांवर दोहोंची तुलना करण्यात आली व तिचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. नळीने घास लवकर उतरू लागतो. किरणांनी आराम उशिरा येतो पण अधिक टिकतो, व उपद्रवही कमी होतात, असा तिचा निष्कर्ष होता. तेव्हा रोग्याच्या हाती अवधी किती, हे डॉक्टरांस स्पष्ट विचारूनच निवड करावी. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून या रोगाकरिता उभे आहे. तेथे दुसरे मत घेता येते. आणि पिरंगुटाहून दूर नाही अशा वारज्यास सिप्लाच्या वतीने १९९७ पासून कर्करोग्यांच्या वेदना हलक्या करणारे केंद्र चालते, तेही विनामूल्य. पुण्यातील कित्येक सुशिक्षित घरांस त्याची वार्ताही नसते, याचे आम्हांस नवल वाटते.

हे सर्व आम्ही चिरंजिवांपुढे मांडले. नळीने रोग हटत नाही व आयुष्य वाढेल असेही वचन नाही. अन्नपाणी पोटात जावे व माणसाने चारचौघांत पानावर बसावे, एवढेच तिचे काम. मग कोणी म्हणाले, "आप्पांनाच विचारा की!" तोवर हे कोणास सुचले नव्हते, रोगाचे नावदेखील त्यांच्यापासून लपविले होते. विचारताच आप्पा म्हणाले, "मला सगळे ठाऊक आहे. तुम्ही दाराआड बोलता ते ऐकू येते. नळी घाला. मला भात खायचा आहे."

आषाढात नळी बसविली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मऊ आंबेमोहोर, वरण, तूप व मेतकूट असे चार घास खाल्ले. घरात इतका आनंद झाला की सत्यनारायण घालण्याची भाषा निघाली, आणि एका जावयांनी तर 'आता बरे झाले' असे सर्वत्र कळवून टाकले. रोग मात्र होता तेथेच होता. ही समजूत काढणे नळी घालण्याहून अवघड गेले.

स्वयंपाकघरात नवे नियम आले. घास लहान, चावणे भरपूर, बसणे ताठ. मध्ये मध्ये कोमट पाण्याचा घोट. जेवणानंतरही काही वेळ पाण्याचे चार घोट घेऊन तसेच बसणे. आंबील, खिमट, शिरा, ताकातली उकड चालते. गवार, शेवग्याची शेंग, पालेभाजीचे देठ, मोसंबीच्या फोडी व साबुदाण्याच्या खिचडीचा चिकट गोळा वर्ज्य. ज्यांची नळी जठराच्या तोंडावरून जाते त्यांनी उशाकडील बाजू उंच ठेवावी, नाहीतर आंबट पाणी वर येते.

भाद्रपदात नियम मोडलाच. ऋषिपंचमीची भाजी आत्याबाईंनी केली व आप्पांनी हट्टाने दोन घास घेतले. अळूच्या देठाचा दोरा नळीत अडकला व पाणीही उतरेना. रुग्णालयात दुर्बिणीने मार्ग मोकळा करून त्याच दिवशी घरी पाठविले. आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी आप्पांनीच त्यांस समोर बसवून जेवू घातले.

जाता जाता एक सांगतो. आप्पा चाळीस वर्षे तंबाखूचा विडा खात. आपल्या घरांत अडकित्त्यास अजून मान आहे व 'आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी' असे पुष्कळ जण सांगतात. परंतु तंबाखूवाचूनचा विडाही मुखाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगास कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली नमूद केले आहे. आप्पांच्या घरचे तबक आता माळ्यावर आहे.

आप्पा मार्गशीर्षात गेले. शेवटचा आठवडा त्यांना अन्नाची इच्छा नव्हती व कोणी आग्रहही केला नाही. त्याआधी कार्तिकात शेतातला नवा आंबेमोहोर घरात आला होता. त्या दिवशी आम्ही तेथे होतो. पंगतीत त्यांचे पान पहिले मांडले होते; भात थोडा, तूप अधिक. अर्धी वाटी भात संपविण्यास त्यांस पाऊण तास लागला, आणि तोवर पंगतीतले कोणीही उठले नाही.